शेवटचे दीडशे मीटर

प्रिय दादा,

पोचले! माथ्यावर पोचले आणि धडधाकट खालीही आले, हे आधीच लिहून टाकते, नाहीतर तू पत्र शेवटापासून वाचायला घेशील. दहाही बोटं शाबूत आहेत. नाकाचं साल गेलंय आणि चेहरा असा रापलाय की इथल्या खानावळवाल्या बाईंनी मला ओळखलंच नाही. खिडकीत मोजे वाळताहेत, बूट उपडे घातलेत आणि मी सकाळपासून कारण नसताना हसतेय. समोरच्या खाटेवरची दंतवैद्यीण, आमच्या दोरावरची तिसरी, म्हणते आता पुरे. कसलं पुरे! गेल्या वर्षी आपण दोघं जिथून मागे फिरलो, त्याच्या वर काय आहे ते मी पाहून आले.

वर्षभर बाबांनी तुला काय कमी छळलं? जन्मभर जमिनी मोजलेला माणूस. त्यांच्या हिशेबी माथ्याखाली राहिलेले ते दीडशे मीटर म्हणजे आपल्या दारापासून कोपऱ्यावरचं किराणा दुकान. 'तेवढंही चालवलं नाही तुला?' असं आल्यागेल्यासमोर विचारायचे आणि सगळे खो खो हसायचे. तूही हसायचास. मी मान खाली घालून जेवत राहायचे, आणि ते हसणं थांबवायचं म्हणूनच यंदा मी पुन्हा गेले.

चूक बाबांची एकट्याची नाही, माझाही समज तोच होता. वीस वर्षं आपण डोंगर तुडवले. दमलो की बसलो, फोटो काढले, समोरून कुणी आलं की बाजूला होऊन वाट दिली. ज्याचे पाय त्याची चाल. मला वाटायचं, शिखर म्हणजे हेच सगळं, फक्त जास्त उंच आणि जास्त गार. पण कमरेला दोर बांधला की आपले पाय आपले राहत नाहीत रे. माझी चाल ती चौघांची चाल. शू लागली तरी चौघांना थांबावं लागतं, आणि का थांबलो ते चौघांना कळतं!

आमच्या उस्तादबाईंनी पाच दिवस आम्हाला फक्त पडायला शिकवलं. उताणं पडा, पालथं पडा, डोकं खाली करून पडा, आणि घसरता घसरता कुऱ्हाड बर्फात रोवून थांबा. माझी कोपरं काळीनिळी झाली, पण एक दिवस चुकवला नाही. गेल्या वर्षी चुकवले होते, आठवतंय ना? तू बर्फात लोळत होतास आणि मी तंबूत चहाचे घोट घेत ऐटीत बसले होते, की वीस वर्षं चालणारीला हे पडायला काय शिकवणार!

मग त्या उतारावर वरून एक तुकडी आली आणि मी सवयीने, अगदी अदबीने, बाजूला झाले. पायवाटेवर होते तशी. बाजूच्या बर्फाखाली भेग होती. मी गळ्यापर्यंत आत गेले, मग पूर्णच, आणि मागे तू स्वतःला पालथं झोकून दिलंस. दोर ताणला. पंचवीस मिनिटं मी अंधारात लोंबकळत होते आणि वर तुझा खांदा निखळत होता. माथा समोर दिसत असताना सगळी तुकडी माझ्यापायी परतली. बसमध्ये, हात झोळीत अडकवलेला असताना, तूच म्हणालास, 'घरी सांगू की मला धाप लागली आणि उतरताना पाय घसरला. खरं कळलं तर बाबा तुला पुन्हा डोंगराचं नाव काढू देणार नाहीत.' मी लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की त्याची लाज अजून गेली नाही. तू रंगारी माणूस, चार महिने तुझा ब्रश छताला लागला नाही, आणि मी दुकानात चष्म्यांची भिंगं घासत गप्प बसले.

तर यंदा त्या दीडशे मीटरला मला दोन तास दहा मिनिटं लागली. एक पाऊल, चार श्वास. बुटांखालचे खिळे बर्फात रुतले का बघायचं, कुऱ्हाड रोवायची, मग दुसरं पाऊल. वाटेत उतरणारी तुकडी भेटलीच. मी जागची हलले नाही. ओरडून सांगितलं, थांबा, आधी आमचा दोर जाऊ दे. उस्तादबाईंनी मागे वळून मान डोलावली. पंधरा दिवसांत त्यांनी केलेलं तेवढंच कौतुक. माथा आपल्या ओट्याएवढा आहे. दोघं उभे राहिले की तिसऱ्याने वाट बघायची. माझी पाळी आली आणि मी अशी किंचाळले, नाचले, रडले की दंतवैद्यीण घाबरली. चारी बाजूंना माझ्याहून उंच काही नव्हतं, दादा. काहीच नव्हतं!

आता हे पत्र कशाला, ते सांगते. तू हे वाचशील, घडी घालशील आणि बाबांना एवढंच सांगशील की धाकटीने शिखर मारलं. मी तुला चांगली ओळखते. म्हणून इथवरचं मूळ पत्र मी कालच बाबांच्या नावाने टाकलं. तुझ्या हातात आहे ती नक्कल, आणि ती मुद्दाम तुझ्या कामाच्या पत्त्यावर पाठवली. संध्याकाळी घरी जाशील तेव्हा त्यांचं वाचून झालेलं असेल. सारवासारव करू नकोस, आणि ते रडले तर रडू दे. त्यांच्या पत्राखाली मी एकच ओळ जास्त लिहिलीय: बाबा, त्या दिवशी दादा नक्की वर पोचला असता, त्याने फक्त मला सोडायला हवं होतं.

तुझीच,
धाकटी