बाबांनी काय पाहिलं

३ नोव्हेंबर, सोमवार
एम.ए.चं वेळापत्रक लागलं. १३ ला ज्ञानमीमांसा, १७ तर्कशास्त्र, २० नीतिशास्त्र, २४ सत्तामीमांसा. चारही अंगावर येणारे. शेजारच्या काकूंनी आजही विचारलं, "तत्त्वज्ञान शिकून काय करतं वं?" नुसती हसले. आवडतं, हे सांगायची लाज वाटते.
बाबा बुटीबोरीहून उशिरा आले, जेवले नाहीत. कंपनीत (कापड रंगवतात तिथे, बाबा शिफ्टचे सुपरवायझर) कामगार महादेवकाकांचा हात रोलरमध्ये गेला. मशीन बंद करून अडकलेलं कापड काढत होते, तेवढ्यात ती सुरू झाली. बोटं गेली. बाबांच्या बाहीवर रक्त होतं. आईने शर्ट भिजत घातला.

५ नोव्हें.
बाबांनी कंपनीत सांगितलं की राकेशने मशीनचं बटण दाबलं, त्यांनी स्वतः पाहिलं. राकेश म्हणजे मशीन चालवणारा, बिहारचा, माझ्याच वयाचा. परवा-परवा छठपूजेचा प्रसाद, ठेकुआ, पाठवला होता त्याने. त्याला घरी बसवलंय. २० ला चौकशी, मग पोलीस केस म्हणे.
बाबा आईला, "मानसाचा हात आत हाय न हा बटन दाबून राहिला! समजाले नको?"
२० लाच माझा नी.शा. छान.

९ नोव्हें., रविवार
आज मी काय करून बसले.
दहावीपासूनची रीत, परीक्षेआधी बाबा नोट्स हातात धरून मला प्रश्न विचारतात. कळो न कळो. आज विचारलं, प्रत्यक्ष आणि अनुमान यांतला फरक. मी नेहमीचं सांगितलं. डोंगरावर धूर दिसला, तो प्रत्यक्ष. आग दिसली नाही, ती अनुमान.
"मंग आग नव्हती का?"
"असेल. पण पाहिली नाही ना."
"दुसरं उदाहरन दे."
आणि मी, अक्कल गहाण ठेवून, "समजा, राकेशला बटण दाबताना तुम्ही पाहिलं, तर ते प्रत्यक्ष. पण तो नुसता बटणांच्या पॅनलपाशी उभा दिसला, मशीन सुरू झाली, म्हणून त्यानेच दाबलं असं म्हटलं, तर अनुमान."
खरंच, फक्त उदाहरण म्हणून. मनात दुसरं काही नव्हतं.
बाबांनी नोट्स मिटल्या. मग म्हणाले, "बस झालं आज."

१० नोव्हें.
बाबा बोलत नाहीत. पाठ केलेलं सगळं उडालं.

१२ नोव्हें.
सकाळी चहा दिला तेव्हा, माझ्याकडे न बघता, "मी पाठमोरा होतो वं. आवाज आला म्हनून वळलो. थो पॅनलपाशी होता. बटनावर हात..."
थोड्या वेळाने, "थे मशीन पहिलेबी एकदा आपोआप सुरू झाल्ती."
कप तसाच राहिला. मला वाटत होतं, पुस्तकातली शंका पुस्तकातच राहते.

१३ नोव्हें.
ज्ञा.मी. झाला. धूर-अग्नी आलाच. चांगलं लिहिलं बहुतेक. लिहिताना स्वतःचाच राग येत होता.
बाहेर ज्ञा.मी.चे सर भेटले. विचारलं, अनुमानालाच कोणी 'पाहिलं' म्हणत असेल तर? म्हणाले, "अनुमान खोटंच असतं असं नाही." हेही खरं. राकेशनेच दाबलं असेल तर? "मग त्या माणसाने काय बोलावं, सर?" ते हसले, "हा नीतिशास्त्राचा प्रश्न. तो पेपर माझ्याकडे नाही."

१५ नोव्हें.
मॅनेजरसाहेबांचा फोन. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. स्वतःच्या घरात, बनियनवर. "हो साहेब. जे सांगितलं तेच सांगीन, साहेब."
आई मला स्वयंपाकघरात, "तुले काहून खाज होती वं थे उदाहरन द्याची? नोकरी गेली तं या वयात कोन घेईन त्यायले कामावर?"
काय सांगू? मलाही हेच वाटतं. बाबांनी खरं सांगू नये, असं वाटतं. हे इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

१७ नोव्हें.
तर्कशास्त्र बरा गेला. संध्याकाळी बाबांसोबत रामदासपेठेत, दवाखान्यात. महादेवकाका झोपलेले, पूर्ण हाताला पट्टी. काकांजवळ बसलेल्या काकू रडल्या.
खाली पायरीवर राकेश बसलेला. त्याला वर जाऊ देत नाहीत. उठून बाबांच्या पाया पडला. "काका, मैंने नहीं दबाया. आपने तो देखा है ना?"
त्याला वाटतं, बाबांनी त्याला न दाबताना पाहिलंय. त्याचा सगळा भरवसा त्यावर.
बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढला. येताना गाडीवर मी मागे बसून त्यांचा शर्ट घट्ट धरून होते, लहानपणी धरायचे तसा.

१९ नोव्हें.
उद्या दोघांचाही दिवस. संध्याकाळी नोट्स घेऊन गेले तर बाबा म्हणाले, "आज तू इचार मले."
"काय विचारू?"
"थेच. काय पाहिलं म्हनून."
विचारलं. बाबा म्हणाले, "मी..." आणि थांबले. परत विचार म्हणाले. परत "मी..."
आईने टीव्ही मोठा केला.

२० नोव्हें., गुरुवार
नी.शा. कर्तव्यावर प्रश्न होता. परिणाम वाईट असले तरी खरं बोलावं का, उदाहरणासह. उदाहरण दिलंच नाही. माझ्या उदाहरणांची मला भीती बसली आहे.
घरी आले तर बाबांचे बूट दारात. एवढ्या लवकर कधीच येत नाहीत. आई मान हलवून म्हणाली, विचारू नको. म्हणजे तिलाही सांगितलेलं नाही. बाबा खुर्चीत, डबा न उघडलेला.
"पेपर कसा गेला?"
"बरा. तुम्ही..."
"सोमवारचा कोन्ता हाय? आन नोट्स."
आणल्या. बाबांनी सत्तामीमांसेचं पहिलं पान उघडलं, बोट ठेवून प्रश्न शोधू लागले. तेवढ्यात टेबलावर फोन वाजला. साहेबांचं नाव.
बाबा उठले नाहीत. फोनकडे बघत खुर्चीतच बसून राहिले. आई दारात येऊन उभी राहिली.
मला वाटायचं, बाबा असे साहेबांसमोर खरं बोलून आले तर मला त्यांचा अभिमान वाटेल. वाटली ती फक्त भीती. फोन वाजतच होता.