मैत्रेयी मान फिरवत नाई

राजदीप दादा,

तुले माह्या अन् तुह्या भाचीचा जय भीम. तब्येत कशी हाये? मेसवाल्यानं भाजीत सोडा टाकनं बंद केलं का? इकडं दिग्रसले सासूचे गुडघे सोडून बाकी सगळ्यायचं बरं हाये. फोनवर मले रडू येते, म्हनून हे लिहून फोटो पाठवून राह्यली.

मैत्रेयी सात महिन्याची झाली, पन मांगून आवाज केला तं मान फिरवत नाई. सासू म्हनते, तिच्या बापाले हाक मारली तं थो तरी कुठं पाह्यते, खानदानी हाये. मले हसू बी आलं अन् भेव बी वाटलं.

मंग तुहं कंपनीतलं प्रोग्राम तपासाचं काम आठवलं. भीमजयंतीले तू ओसरीत लॅपटॉप घेऊन बसला होता अन् साहेबानं तुले फोनवर झापलं. मी इचारलं तं तू सांगतलं, तपासनी एकच ठेवायची, आत टाकायची चीज बदलत जायची, अन् हरेकीले असं नाव द्यायचं का तपासनी नापास होऊन लाल दिवा लागला तं वाचनाऱ्याले तुले न इचारता समजन काय बिघडलं. तू नुसतं एक, दोन, तीन लिहलं होतं. (इतका शिकला, अन् नाव ठेवाले कंटाळा.)

मी तसंच केलं. मांगून थाळी वाजवली, पोरगी वळली. मी खुश. मंग दिसलं, थाळी वाजली का समोर बसलेली सासू दचके, अन् पोरगी तिले पाहून वळे. म्हंजे तपासनी सासूच्या कानाची झाली. (ते पास हाये.) सासूले आंगनात धाडलं अन् पुन्हा सुरू केलं. ‘थाळी, मांगून, जोरात’: वळली. ‘खुळखुळा, मांगून, हळू’: नाई. ‘कुकरची शिट्टी, मांगून’: वळली. ‘बाप खोकलला, मांगून, हळू’: नाई. (त्याच्या खोकल्याले मी बी वळत नाई.)

दवाखान्याची आशा वर्कर विमलताई घरी आली, तिनं कागद वाचला. मले एक शब्द न इचारता बोल्ली, जोराचं आयकते, हळूचं नाई; यवतमाळले कान दाखवा.

तुही बहीन,
ममता

ता. क. सुट्टी नसन तं राहू दे. आम्ही पाहून घेऊ.

ता. क. राहू देऊ नको. मंगळवारी जानं हाये, तू ये. कागदावर शेवटचं नाव लिहून ठेवलं हाये, ‘आई, मांगून, हळू’. ते मी करूनच नाई पाह्यलं. तू तिच्या समोर बस, मी हाक मारते. मले मांगून तिचं तोंड दिसत नाई.