भेगाळल्या शेताचा फोटो

मेहकर, ता. भालकी
मंगळवार

प्रिय संगू,

आशीर्वाद तर आहेतच, ते वेगळे लिहीत बसत न्हाई. शिवलीलेला आणि लेकराला पण सांग. फोन असताना अव्वा पत्र कामून लिहायली, म्हणून हसशील. हस. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तू अव्वा टेन्शन घेऊ नको म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र मधेच तोडता येत न्हाई, म्हणून लिहायलेय.

तू कल्लप्पाकाकाला आपलं शेत बटईनं करायला सांगितलंस, आणि येत्या आईतवारी गाडी घेऊन मला कायमची हैदराबादला न्यायला येणार आहेस, हे मला काकाच्याच तोंडून कळलं. शेत माझं, सामान माझं, न्यायचं मला, आणि सगळ्यात शेवटी कळलं ते पण मलाच. राग आला, खोटं कशाला सांगू? मग कामून ठरवलंस तेही कळलं. काकानं तुला फोटो पाठवला होता. भात गुडघ्याएवढं आणि बुडाशी भेगा. केसाएवढ्याच होत्या रे, पण फोटोत नदी आटल्यागत दिसतात. तुला वाटलं, अप्पा गेले आणि अव्वाच्यानं आता पाणी देणं पण होईना.

अरे येड्या, त्या भेगा मीच पडू दिल्या! कृषी खात्याच्या पंचशीला मॅडम आल्या होत्या. भोकं पाडलेली एक नळी चिखलात पुरून गेल्या. नळीतलं पाणी वीतभर खाली गेलं की मगच पाणी द्यायचं, तोवर रान सुकू द्यायचं. फुलोऱ्यात मात्र पाणी उभं ठेवायचं. मला काही पटेना. मग त्यांनी उभ्या पाण्यात काठी रोवली, तर बुडबुडे वर आले. पाण्याखाली हवा जात न्हाई, चिखल आतल्या आत कुजतो आणि हा गॅस होतो, म्हणाल्या. धनराजच्या गोबरगॅसमध्ये असतो तोच. त्याच्या घरी त्याच्यावर भाकरी तरी भाजते, आपल्या रानातला नुसता वर जाऊन हवा तापवायलाय. मधनंमधनं रान सुकलं की चिखलाला हवा लागते, गॅस कमी होतो, पाणी पण वाचतं. मी म्हटलं, बरं, एक साल करून बघते.

करणं सोपं नव्हतं. भातात पाणी उभं पाहिजे, त्यात आभाळ दिसलं पाहिजे, ही तुझ्या अप्पांची ऐट. माझा पण जीव वरखाली व्हायचा. त्यात नवीनच भानगड. रान सुकत आणावं आणि सकाळी जाऊन बघावं तर घोटाभर पाणी! मला वाटलं, खेकड्यांनी बांध पोखरला. किती शिव्या घातल्या बिचाऱ्यांना, चिखल थापून थापून हात गेले. एक दिवस जरा लवकर गेले, तर धनराज फावडं घेऊन उभा. त्याचं रान आपल्या वरच्या अंगाला. तळ्यातलं स्वतःच्या पाळीचं पाणी तो बांध फोडून आपल्या रानात सोडायलाय. मी ओरडले तसा अप्पांचं नाव घेऊन म्हणाला, वैनी, गुरुलिंगअण्णाचं रान वाळलेलं बघवंना मला.

मी तिथंच बांधावर बसून पोटभर रडले. अप्पा गेल्यावर पण तशी रडले नव्हते. माणसं किती चांगली असतात रे. पण डोळे पुसून मी त्याला झापलंच. म्हटलं, आता हे अण्णाचं रान न्हाई, माझं हाय, आणि मी वाळवायलेय. मला विचारायचंस तरी! बिचारा कान धरून गेला. पुढं मॅडम आल्या तेव्हा तो पण नळीत वाकून बघत होता.

तण मात्र जास्त झालं. निंदून निंदून कंबर धरली, ते लपवत न्हाई. उतारा किती येईल, ते काढणीलाच कळेल. पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात नव्हती. आपल्या खालच्या अंगाला काकाचं रान. दरसाल आपण भरून ठेवायचो आणि त्याच्यापर्यंत पाणी पोचता पोचता तळं आटायचं. यंदा आपण नको म्हटलेलं पाणी सरळ खाली गेलं. काकाचं भात कधी नव्हे ते हिरवंगार आहे. फोटो पाठवणारा माणूस आता माझ्यासमोर मान वर करीत न्हाई, मी पण जरा मजा बघायलेय.

आता कामाचं. काल काका घरी आला. गुडघे चालंनात वैनी, पुढच्या सालापासून माझं रान तुम्हीच बटईनं करा, म्हणाला. मी व्हय म्हटलं. तेव्हा आईतवारी गाडी आणू नकोस. काढणीला या सगळे. माझ्यानं होईनासं झालं की मीच सांगीन, त्या दिवशी ने. आणि संगू, तू रोज फोन करतोस, जेवलीस का, गोळी घेतलीस का, विचारतोस. गुणाचं लेकरू आहेस. पण अप्पांना तू पहिलं विचारायचास, भात कसं हाय म्हणून. ते गेल्यापासून तू एकदा पण विचारलं न्हाईस. मला पण विचार की रे. भात फुलोऱ्यात आलंय.

फोनची वाट बघायलेय.

तुझीच,
अव्वा