लच्छूभाऊंना ऐकू येत होतं

७ जाने. ८६, राजुरा
दवाखान्याच्या रशियन पुस्तकाचा अनुवाद संपवला एकदाचा. कानाची तपासणी, चाळीस पानं, इंग्रजीत. रशियन माणूस वासही 'ऐकतो'! तिथं तासभर डोकं फोडून शेवटी 'स्मेल' लिहिलं. शेवटची पानं उरकली. तळटिपा गाळल्या, कोण वाचतंय. खाणीचे डॉ. खूश. "एवढं रशियन येते अन् टाईप करत काऊन बसले?" हिला दोनदा सांगितलं.

१३ जाने.
तपासणी सुरू. कामगारानं पाठमोरं उभं राहायचं, डॉ. सहा पावलांवरून कुजबुजणार, त्यानं तोच शब्द म्हणायचा. शब्द माझ्या अनुवादातल्या यादीतले, इंग्रजी. मी रजिस्टर घेऊन बाजूला.
लच्छूभाऊ मडावी. खाली ड्रिल चालवतात, चौदा वर्षं. "अवर." गप्प. "विंडो." गप्प. पण दर शब्दाला मान किंचित हलली. मी पाहिलं.
"बहिरा. लिहा."
लिहिलं.

१४ जाने.
झोप नाही. गाळलेल्या टिपा काढल्या. छापलंय स्वच्छ: शब्द अर्थासाठी नाहीत, आवाजासाठी निवडलेत, काही जाड, काही बारीक. दुसऱ्या देशात तिथल्या लोकांच्या रोजच्या बोलीतले घ्यावेत. आणि मी रशियन 'चास'चा अर्थ बघून 'अवर' केला. गोंडी बोलणाऱ्या माणसापुढं इंग्रजी! गाढव आहे मी.

१५ जाने.
सांगायला डॉ.कडे गेलो. आधी तेच म्हणाले, "अनुवादकाच्या जागेसाठी तुमचं नाव पाठवलं." चहा प्यालो. परत आलो. स्वतःची किळस येते.

१६ जाने.
बहिऱ्याला खाली पाठवत नाहीत, छत कडकडलं तर कळायचं नाही म्हणून. ल. भाऊंना वर कोळशाच्या ढिगावर पहाऱ्याला ठेवलं. पोरं त्यांच्याशी हातवारे करून बोलतात नि हसतात. डॉ. नागपूरला गेले, सोमवारी येतील. मला बरंच वाटलं, खोटं कशाला लिहू.

१७ जाने.
ढिगावर गेलो. ऐकू आलं होतं का, विचारलं.
"आलं ना. पर साहेबाचं इंग्रजी माह्या तोंडून वाकडं निघालं असतं तं सारे हासले असते. म्हून चूप राह्यलो."
मग यादीचं, टिपांचं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर...
"पर बाबू, तुमी तं तिथीच उभे होते. माही मान हालतानी दिसली नाई का तुमाले?"
दिसली, म्हणालो.
घरी येऊन डॉ.च्या नावे अर्ज लिहिलाय: यादीची चूक माझी, ल. भाऊंची तपासणी त्यांच्या बोलीत परत घ्यावी. सही अजून केलेली नाही.