विम्यात एकच आई

अरे, ही चिठ्ठी मुद्दाम तुझ्या बुटात ठेवली आहे. फ्रिजवर लावलेलं तुझी आई आणि तुझ्या सासूबाई दोघी वाचतात.

तर तुझी बायको, म्हणजे मीच, सकाळीच मेडिकल कॉलेजच्या नव्या प्राध्यापकांच्या ओरिएंटेशनला पळाली. तिथे दुपारपर्यंत तिला सांगायचंय, की कॉलेजच्या आरोग्य विम्यात आई कुणाची घालायची, तिची की तुझी. जागा एकीलाच आहे. काल जेवताना तिने हे बोलून दाखवलं आणि घरात दोन पैलवान उभे राहिले! तुझी आई म्हणाली, "विहीणबाईंचं नाव घाल, मला काय धाड भरलीय?" सासूबाई म्हणाल्या, "छे, मी ठणठणीत आहे," आणि भरलेली बादली उचलून गच्चीवर गेल्या.

(पेन संपलं. पुढचं भुवयांच्या पेन्सिलीने.)

तुझी बायको विद्यार्थ्यांना हेच शिकवणार आहे, की रोग्याचं ऐकावं, पण विश्वास त्याच्या चालण्यावर ठेवावा. तुझी आई हल्ली जिन्यात मध्येच थांबते आणि "भिंतीचा रंग बघतेय" म्हणते. तेव्हा विम्यात नाव तिचं.

पण बादलीवाल्या बाई काल कठडा धरून, एकेक पायरी आडव्या उतरल्या. त्यांना आजच हाडांच्या डॉक्टरकडे ने. स्वतःसाठी त्या मेल्या तरी यायच्या नाहीत. गुडघा तुझा दुखतोय, सोबत हवी, असं सांग.

आणि निघताना लंगड. मध्येच पाय बदलू नकोस, सासूबाईंची नजर तुझ्या बायकोपेक्षा पक्की आहे.