वळणावरची घंटी

नाना, तुमच्या सायकलची पितळी घंटी मी माळ्यावरून काढली, चिंच लावून घासली आणि तुमच्या नातवाच्या सायकलला बसवली. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. तो झाला त्याच्या कितीतरी आधी तुम्ही गेलात. नाक तुमचं घेतलंय त्याने, आणि एकदा नाही म्हटलं की नाही, हेही तुमचंच. त्याची सायकल गिअरची आहे, खडीवर चालायची, जाड टायरची, पण घंटी नव्हती. दुकानदार म्हणाला, आजकाल कोण लावतं घंटी, मॅडम. मी म्हटलं, आमच्याकडे लावतात. हे सगळं तुम्हाला सांगत बसलेय, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय उरलेली नाही. तुमचे जावई म्हणतात, वेळ जाऊ दे. वेळच तर जातोय नाना, आणि त्याच्याबरोबर माझा मुलगाही माझ्या हातातून चाललाय.

काय झालं ते नीट सांगते. तुमची भिवंडी आता तुम्हाला ओळखू येणार नाही. कामतघरला कापडाचे लूम अजून खडखडतात, पण अंजूरकडची शेतं गेली, तिथे गोडाऊन उभी राहिली आणि त्यांच्यामागोमाग कंटेनर आले. तुमचा नातू अशाच एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता. दिवाळीच्या आधी शिफ्ट संपवून मोटरसायकलवरून घरी येत होता. मागे त्याचा मित्र बसलेला, शाळेपासूनचा, आमच्या स्वयंपाकघरात येऊन पोळीवर हक्काने तूप मागणारा. वळताना कंटेनरचा धक्का लागला. हा डावीकडे पडला, तो उजवीकडे, चाकाखाली, आणि जागच्या जागी गेला. पोलिसांनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, त्या मुलाच्या आईने स्वतः घरी येऊन सांगितलं, की याची काही चूक नव्हती. हात मोडला होता, तो सांधला. पण हॉर्न ऐकला की हा आजही पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो, आणि या गावात हॉर्न नाही अशी जागा मी कुठून आणू? खिडक्यांना गोधड्या लावल्या. ठाण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. ते म्हणतात, हळूहळू बाहेर काढा. एकदा मी ताट घेऊन खोलीत गेले तर भिंतीकडे बघत म्हणाला, "आई, मी उजवीकडे पडायला हवं होतं." मी ताट खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात येऊन शेगडी पुसत राहिले. ती पुसलेलीच होती.

तेव्हा मला तुमचा रस्ता आठवला. आठवडाभर लूमच्या ऑफिसात कारकुनी करून तुमच्या कानांत ती खडखड भरलेली असायची, आणि रविवारी सकाळी तुम्ही म्हणायचात, चल, कान धुऊन येऊ. आई दशम्या बांधून द्यायची. कंडक्टरशी गोड बोलून तुम्ही दोन्ही सायकली एसटीच्या टपावर चढवायचात आणि आपण वज्रेश्वरीला उतरायचो. भिवंडीच्या रस्त्यावर मला तुम्ही कधीच सायकल चालवू दिली नाहीत. मला वाटायचं, मुलगी म्हणून. मग देवीला लांबूनच हात जोडून आपण तानसा नदीच्या कडेच्या त्या खडीच्या वाटेला लागायचो. अजून दिसतंय मला. मी पुढे आहे, तुम्ही मागे. टायरखाली खडी कुरकुरतेय, एका बाजूला नदीचं पाणी, दुसऱ्या बाजूला साग आणि ऐन, आणि पुढे झाडी इतकी दाट की वळलं की माणूस दिसेनासा होतो. म्हणून तुम्ही नियम केला होता. वळण आलं की मागच्याने एकदा घंटी वाजवायची, पुढच्याने एकदा वाजवून उत्तर द्यायचं. मागे वळून बघायचं नाही, खडीवर मागे बघितलं की चाक घसरतं. घंटी आली म्हणजे माणूस आहे, पुढे चला.

एकदा सायकल चिखलाची ठेवली म्हणून तुम्ही सकाळीच मला बोलला होतात. मी गाल फुगवून पुढे निघाले. वळणावर तुमची घंटी वाजली, मी काही वाजवली नाही. परत वाजली. मग खडीवरून धावत येणारी पावलं ऐकू आली. सायकल टाकून आला होतात, एक चप्पल मागेच राहिलेली. मारणार असं वाटलं, पण तुम्ही नुसते उभे राहिलात, छाती धपापत होती. मग म्हणालात, "रुसायचं तेवढं रूस. पण घंटीला उत्तर द्यायचं." पिशवीतली दशमी मोडून अर्धी मला दिलीत. एवढं काय झालं ते मला तेव्हा समजलं नव्हतं.

आता आमच्यासाठी एसटीचा टप कुठला. शेजारी एक टेम्पोवाला राहतो, अंजूरचा. त्याला सगळं सांगितलं. भिवंडीत टेम्पो चालवायचा आणि हॉर्न वाजवायचा नाही, म्हणजे जेवायचं आणि तोंड उघडायचं नाही. पण तो म्हणाला, "ताई, तुमी फिकीर करू नका. येक बी हॉर्न न्हाय मारनार मी." आणि त्याने खरोखर मारला नाही. रविवारी पहाटे, रस्ता त्यातल्या त्यात रिकामा असताना, हा मागे ताडपत्रीत सायकलींना धरून बसतो, कानांत बोळे घालून. मी पुढे बसून आरशात त्याचे गुडघे बघत असते. या वयात मी परत सायकल शिकले नाना, पडले, कोपर फोडून घेतलं, कारण तो एकटा जाणार नाही आणि त्याला एकटं सोडायची माझी हिंमत नाही. खडीच्या वाटेवर आलो की तो खांदे खाली सोडतो. तिथे गाड्या येत नाहीत. मी त्याला तुमचा नियम सांगितला, त्या रुसण्यासकट. तो हसला नाही, पण पहिल्याच वळणावर त्याने उत्तर दिलं. तुमचीच घंटी, तोच आवाज. मला रडू आलं आणि मी पडता पडता वाचले.

गेल्या रविवारीही तो पुढे होता, मी मागे. झाडीत शिरलो आणि कुठूनतरी घरघर ऐकू आली. जंगलाच्या बाजूने एक डंपर थेट त्या वाटेवर आला होता, खडी टाकायला. रस्ता होणार आहे म्हणे, डांबरी, थेट पुढच्या गावापर्यंत. डंपरने हॉर्न मारला. मी वळणावर घंटी वाजवली. उत्तर नाही. परत वाजवली. मग मीही तुमच्यासारखीच सायकल टाकली आणि धावले. त्याची सायकल खडीत आडवी पडलेली, मागचं चाक फिरत होतं. तो नदीत उभा होता, बुटांसकट, पाणी मांडीपर्यंत, माझ्याकडे पाठ. मी ओरडले नाही. ओरडले तर तो पुढे जाईल असं वाटलं. मी तशीच पाण्यात उतरले आणि मागून त्याचा शर्ट धरला, दोन्ही मुठींनी, लहानपणी जत्रेत तुमचा धरायची तसा. किती वेळ उभे होतो कोण जाणे. डंपर खडी ओतून गेला. मी म्हटलं, रुसायचं तेवढं रूस, पण घंटीला उत्तर द्यायचं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. तो म्हणाला, "ऐकू आली होती, आई. हात उचललाच नाही."

काठावर बसून आम्ही बुटांतलं पाणी ओतलं. डॉक्टरांना तिथूनच फोन केला, त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं, तेही झालं. आता मी रात्री त्याच्या दाराशी गादी टाकून झोपते. पण नाना, डांबर पडलं की ती वाटही गेली. पुढच्या रविवारी मी त्याला कुठे नेऊ? नकाशावर बोट फिरवून थकले, जिथे बोट ठेवावं तिथे गाडी जाते. मला तुमच्याकडून काहीतरी हवंय, आणि तुम्ही तर नाही आहात. तुमचा राग येतो. इतक्या लवकर जायला नको होतंत.

ज्या डब्यातून घंटी काढली, त्याच डब्यात हे कागद मी ठेवणार आहे. पण एक राहिलं. त्या दिवशी नदीवरून परत निघताना तो म्हणाला, तू पुढे हो, मी मागे येतो. मी पुढे झाले. वळण आलं, मी झाडीत शिरले आणि मागून त्याची घंटी वाजली. माझा अंगठा माझ्या घंटीवरच होता, पण मी वाजवली नाही. परत वाजली. पुन्हा एकदा, जोरात. मग खडीवर धावणारी पावलं, आणि "आई, आई" अशी हाक. इतक्या महिन्यांत त्याला पहिल्यांदाच कुणासाठी तरी भीती वाटली होती, कुणीतरी हरवेल अशी. तो धापा टाकत समोर आला आणि चिडून म्हणाला, "उत्तर द्यायचं असतं ना, आई?" मी म्हटलं, ऐकू आली नाही रे. ऐकू आली होती, नाना. तिन्ही वेळा आली होती.