गोणीतले झेंडे

१४ ऑगस्ट, गुरुवार. घाटघर

हे सकाळपासून इस्त्री घेऊन बसलेत. शाळेचा झेंडा. तीस वर्षं शाळेत शिपाई होते, रिटायर होऊन चार झाली, तरी झेंडा आमच्याच ट्रंकेत आणि बांधायचा मान ह्यांचाच. घडी घालून पुडी करायची, आत झेंडूच्या पाकळ्या, वर अशी गाठ की दोरीला एक झटका दिला की सुटली पाहिजे. ही गाठ ह्यांच्याशिवाय कुणाला जमत नाही, असं ह्यांचं मत. माझ्या एका साडीला आजवर इस्त्री लावली नाही या माणसाने.

उद्यापासून तीन दिवस सुट्टी जोडून आलीय. म्हणजे नाणेघाटाला जत्रा. भाताची बेणणी अर्धी राहिलीय, तण माजलंय, आणि खालचं खाचर तर रस्त्याला लागूनच.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडा एका झटक्यात उलगडला. हे घरी येईपर्यंत छाती फुगवून.

दहाच्या पुढं गाड्या सुरू. मोटारसायकलला झेंडे, गाडीच्या टपावर झेंडे, कपाळाला पट्ट्या. धबधब्याखाली उघडे नाचतायत आणि मधून मधून जय. एक जण आमच्या बांधावर उभा राहून मुतत होता, दोन्ही गालांवर तिरंगा रंगवलेला. मी विळा घेऊनच गेले. म्हणाला, काकू, फ्री कंट्री आहे. देशभक्त. दरवेळी एवढा मोठा शब्द कोण लिहिणार, इथून पुढं दे.भ.

किसन भावजींची चहा-भज्यांची टपरी जोरात. मला म्हणाले, वैनी, गिऱ्हाईक हाय, बोलायचं न्हाई. त्यांचं बरोबर आहे. त्यांची टपरी, माझं खाचर.

अंगणवाडीत सत्तावीस वर्षं सरकारची रजिस्टरं भरली. कुपोषित किती, संडास किती, डुकरं किती. ही वही तरी माझी आहे. इथं खरं लिहीन. मला हा देश आवडत नाही. लिहिलं. घराला काही आग लागली नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार. जुन्नर, मंदाकडे

लेकीच्या घरी पडून आहे. उजव्या पायाला नऊ टाके. परवाचं लिहून ठेवते, नाहीतर जो तो आपल्या सोयीने सांगेल.

शनिवारी सकाळी हे गोणी घेऊन रस्त्याला गेले. दरवर्षी १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी जातात. गटारात, चिखलात, चाकाखाली जेवढे झेंडे पडलेले असतात तेवढे गोळा करायचे. कागदी, प्लास्टिकचे, कापडी. माळ्यावर अशा चार गोण्या आहेत. कागदी तेवढे तरी चुलीत घाला, असं मी एकदा म्हणाले होते, तर नातवाला घाला म्हटल्यासारखं बघितलं माझ्याकडे. पायदळी जायला नकोत, एवढंच म्हणतात.

भरलेली गोणी बांधावर ठेवून हे वरच्या रस्त्याला गेले. मी खाली खाचरात बेणत होते. चिखलात पाय दाबला आणि खचकन. बाटलीची काच, तळव्यातून घुसून अंगठ्यापर्यंत गेलेली. ओढून काढली तर रक्त थांबेना. बांधापर्यंत सरपटत आले. लुगडं चिखलाने बरबटलेलं. हाताशी गोणी होती, वर कापडी झेंडा होता, त्यातल्या त्यात स्वच्छ. तोच करकचून बांधला. विचार केला नाही, आणि केला असता तरी बांधलाच असता.

रस्त्यावर येऊन हात केला. गाड्या मुंगीच्या चालीने चाललेल्या, कुणी काच खाली घेईना. शेवटी तीन मोटारसायकली थांबल्या. झेंडे लावलेल्या. वाटलं, सुटले. त्यातल्या एकाने माझ्या पायाकडे बघितलं आणि मोबाईल काढला.

"ओ बाई, ते काय बांधलंय? तिरंगा पायाला?"

मी म्हणाले, "मसनात गेला तुमचा देश. त्याची काच माझ्या पायात हाय."

हे असंच म्हणाले मी. शब्द इकडचा तिकडे नाही.

किसन भावजींनी पिकअपमध्ये घातलं. गर्दीत अर्धा तास तिथेच अडकलो. वाटेतल्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते. जुन्नरला पोचेपर्यंत झेंडा लाल झाला होता, सगळाच.

२० ऑगस्ट

मंदाने फोन दाखवला. मी आहे. केस सुटलेले, चिखलाने माखलेली, दात दिसतायत. तेरवीला फोटो लावायला बरा आहे. काच नाही, खाचर नाही, आधीचं काहीच नाही. फक्त पाय आणि "मसनात गेला तुमचा देश". खाली लोकांनी मला कुठं कुठं पाठवायचं ते लिहिलंय. एका बाईने लिहिलंय, हिचे पाय तोडा. तिच्या नावापुढे आईच्या कुशीतल्या बाळाचा फोटो.

मंदा रडत होती. तिच्या सासूने जेवताना ताट जरा लांबूनच सरकवलं. परवा जाते घरी. पाय गेला तरी चालेल, या घरात नको.

२३ ऑगस्ट. घरी

हवालदार येऊन गेले. माणूस बरा होता, चप्पल काढून आत आला. कुणीतरी अर्ज दिलाय म्हणे. गुन्हा दाखल केलेला नाही. म्हणाले, बाई, चार ओळी माफीच्या लिहून द्या, मिटवून टाकू. मी विचारलं, बाटली टाकणाऱ्यावर कुणाचा अर्ज आलाय का? ते चहा पीत राहिले.

सरपंचही म्हणाले, लिहा. गावाचं नाव खराब झालंय, पावणं यायचं बंद होतील. गावची अंगणवाडीची बाई तुम्ही, पोरांना प्रतिज्ञा तुम्ही शिकवली, तुम्हीच असं बोलल्यावर काय राहिलं.

शिकवली. रोज सकाळी हात पुढे करून उभी करत होते पोरं. त्यातली किती इथं राहिली? चाकणला कंपनीत गेली, कुणी नारायणगावला टोमॅटोच्या क्रेट उचलायला. आमच्या डोंगराच्या पाण्याने खालच्या धरणाचं पोट फुगतं आणि मार्चला आम्ही टँकरची वाट बघतो. रस्ता झाला तो घाट बघायला येणाऱ्यांसाठी. तरी मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. एकदाच बोलले, तेही रक्त जात असताना, तर ते सगळ्या मुलखाने ऐकलं.

हे काही बोलत नाहीत. हवालदाराशी नाही, सरपंचाशी नाही, माझ्याशी तर नाहीच. पाणी तापवून देतात, पट्टी बदलतात, तोंडाला कुलूप.

३१ ऑगस्ट

आज विचारलंच. काय झालंय तुम्हाला, मी मेले असते तर बोलला असता का? खाली बघत म्हणाले, "तू बोलली ते खोटं न्हाई. पर माझ्या झेंड्याला कशाला गुतवलंस?"

माझा झेंडा म्हणे. दे.भ. लोकांनी फेकलेला, गटारातला. पण आवाज कापत होता. मला राग आला आणि त्याच दमात रडूही आलं. दोन्ही गिळलं. जेवायला वाढलं.

१४ सप्टेंबर

टाके निघाले. अंगठा खाली वळत नाही. आतली शीर तुटलीय, डॉक्टर म्हणाले, असंच राहील. खाचरात आता मला उभं राहता येणार नाही. चिखलात अंगठा रोवल्याशिवाय माणूस उभा राहतच नाही, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

किसन भावजींच्या टपरीवर एक दे.भ. विचारत होता, ती झेंडावाली बाई इथलीच ना, कुठं राहते. भावजींनी सांगितलं, ती वारली. मला येऊन सांगितलं आणि हसले. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

२ नोव्हेंबर

भातकापणी. मी ओट्यावर बसून बघतेय. हे एकटे, जोडीला दोन मजूर. दुपारी भाकरी खायला आले आणि खिशातून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझ्या नावाने माफीनामा लिहिलाय, त्यांच्या वळणदार शाळेच्या अक्षरात. "अज्ञानापोटी माझ्याकडून राष्ट्रध्वजाचा अवमान झाला." खाली सहीला जागा.

अज्ञानापोटी! सत्तावीस वर्षं नोकरी केलेली मी. फाडणार होते. फाडला नाही, त्या अक्षराकडे बघून. फक्त परत दिला.

भांडण झालं. मजूर ऐकत होते. सरपंचांनी ह्यांना काय सांगितलंय ते तेव्हा कळलं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचायला माझा माफीनामा दिला, तर झेंडा हे बांधणार. नाहीतर नवे गुरुजी बांधतील. ज्याच्या घरात अवमान झाला त्याने कसा बांधायचा, असं चारचौघांत बोलले म्हणे.

हे मला माहीतच नव्हतं. ऑगस्टपासून हा माणूस पोटात घेऊन हिंडत होता.

३ नोव्हेंबर

झोप झाली नाही. सही केली तर ह्यांना झेंडा परत मिळतो. माझं काय जातंय? चार ओळी. आयुष्यभर खोट्या आकड्यांवर सह्या केल्याच ना. पोरांची वजनं वाढवून लिहिली, वरून फोन आला की.

जातंय काहीतरी. काय ते धड लिहिता येत नाही.

१२ जानेवारी, सोमवार

गावात बोलणं बंदच आहे म्हटलं तरी चालेल. हळदीकुंकवाला अजून एकीचंही बोलावणं नाही. ज्यांच्या पोरांची नाकं पुसली त्या बायका.

मला देश आवडत नाही असं लिहिलं होतं ना, वाचलं परत. ते बरोबर नाही. आवडायचा-न आवडायचा प्रश्न दुसऱ्याच्या घरी जेवताना येतो. मी इथलीच. सासूला शिव्या देतो तशा देते. पण सासूला शिव्या द्यायच्या त्या घरातल्या सुनेने. ज्यांनी कधी तिचं अंथरूण काढलं नाही, त्यांनी मला वळण शिकवायचं?

२४ जानेवारी, शनिवार

आज मजा झाली. नव्या गुरुजींनी बाजारातला झेंडा आणून शाळेत रंगीत तालीम घेतली. पहिल्यांदा दोरी ओढायच्या आत पुडी सुटून पाकळ्या त्यांच्याच डोक्यावर. दुसऱ्यांदा गाठ बसली ती बसलीच. पोरं खो खो.

संध्याकाळी गुरुजी आमच्या मागच्या दाराने आले. पुढच्या नाही. ह्यांना म्हणाले, मामा, पुडी तेवढी तुमी घरी बांधून द्या, सकाळी शाळेत आणा, दोरीला मी लावतो. कुनाला बोलू नका.

हे बरं म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हात पाहिजेत, माणूस नको. गुरुजींना हाकलून का दिलं नाही, म्हणून ह्यांच्यावरच ओरडले. हे म्हणाले, "गाठ न्हाई सुटली तर झेंडा आडकून बसंल वर. ते बघवंल का?" 

२५ जानेवारी, रविवार

सरपंचांचा निरोप, उद्या साडेसातच्या आत कागद द्या, तर अजून वेळ आहे. शेवटचा. कोरा कागद पुढे घेऊन बसले होते.

दुपारी ह्यांनी ट्रंक उघडली. शाळेचा झेंडा काढला, इस्त्री केली. मग तळातून आणखी एक काढला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. माझा. मला वाटत होतं दवाखान्यातच गेला. ह्यांनी तिथून आणून धुऊन ठेवला होता, उसवलेली कडही शिवली होती. पांढऱ्या पट्ट्यावर तपकिरी डाग, तळव्याएवढा.

मला दाखवून म्हणाले, "किती येळा धुतला. कशानं जातो ह्यो?"

सांगितलं, रक्त लगेच गार पाण्यात टाकावं लागतं. आता जायचा नाही.

मान हलवली. त्यालाही इस्त्री केली, शाळेच्या झेंड्याला करतात तेवढीच मन लावून. मग परसातला झेंडू तोडून आणला आणि दोन्हीच्या पुड्या बांधल्या. दोन्हीत पाकळ्या, दोन्हीला तीच गाठ. शेजारी शेजारी ठेवल्या तर कुठली कुठली, मलाही ओळखता येईना. दुसरी कशाला, असं विचारणार होते. त्यांचं तोंड बघून विचारलं नाही.

त्या दिवशी रस्त्यावर एवढी माणसं होती. माझ्या उपयोगाला ते एक फडकंच आलं. हे ह्यांना सांगायचं राहिलंय पाच महिने. संध्याकाळी भाकऱ्या थापताना सांगितलं, तव्याकडे बघत. ह्यांनी लाकूड आत सारलं.

२६ जानेवारी, सोमवार. स. ७

हे पांढरी टोपी घालून निघाले. निघताना कागदाचं विचारलं नाही. एक पुडी खिशात घातली. माझ्या पायाकडे बघून, कधी नव्हे ते, म्हणाले, "चढ हाय, काठी घिऊन ये. येशील ना?"

दुसरी पुडी ट्रंकेवर आहे. गाठीचं टोक ओढलं की कळेल, ह्यांनी कुठली नेलीय. दोनदा हात पुढे केला. ओढलं नाही.

कागद कोराच आहे. घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवलाय, पेनही घेतलंय. शाळेची घंटा झाली. मला पोचायला वेळ लागतो, निघायला हवं.